प्रस्ताव पुन्हा लिहिताना : सातपुड्यातील एका पोषण प्रकल्पाचा अनुभव

नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या डोंगरपट्ट्यात आमची संस्था बरीच वर्षे बालपोषणाचे काम करीत होती. तालुक्याच्या गावातील एका बचत गटाकडून शेंगदाणे, नाचणी आणि गुळाचे लाडू करून घ्यायचे, ते जीपने पाड्यापाड्यांवर पोहोचवायचे, मुलांची वजने नोंदवायची आणि किती मुलांना किती लाडू मिळाले याचा तक्ता युरोपातील देणगीदार संस्थेला पाठवायचा, असे ते काम होते. तक्ते वेळेवर जात, लेखापरीक्षणात आक्षेप निघत नसत, त्यामुळे पुढच्या टप्प्याचा प्रस्तावही आम्ही जवळपास जुन्याच घडणीचा पाठवला. तो परत आला. सोबतच्या पत्रात आकड्यांविषयी एकही शंका नव्हती. या मुलांना अन्न मिळते की नाही हे पाहण्याची कायदेशीर जबाबदारी कोणाची, ती पार का पडत नाही, तुमच्या लाडवांमुळे ती पार पडण्याची शक्यता वाढते की कमी होते, आणि लाडूच द्यायचे हे ठरवताना मुलांच्या आयांना कोणी विचारले होते काय, एवढेच प्रश्न होते. देणगीदार संस्थेने आपले सर्व काम मानवी हक्कांवर आधारलेल्या पद्धतीने करायचे ठरवले होते आणि आम्हीही तसेच करावे अशी तिची अपेक्षा होती. प्रस्ताव पुन्हा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

या पद्धतीचा इतिहास फार जुना नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८६ मध्ये विकासाच्या हक्काचा जाहीरनामा स्वीकारला, १९९७ मध्ये तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी संघटनेच्या सुधारणा मांडताना मानवी हक्क सर्व कामांत आणण्याचा आग्रह धरला, आणि २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निरनिराळ्या संस्थांनी एक सामायिक भूमिका ठरवली. मदतीचा प्रत्येक कार्यक्रम हक्कांच्या पूर्ततेकडे नेणारा असावा. आखणीपासून मूल्यमापनापर्यंत प्रत्येक टप्प्यावर हक्कांच्या मानकांचा आणि तत्त्वांचा आधार घ्यावा. आणि ज्यांचे हक्क आहेत त्यांची ते मागण्याची, तर ज्यांच्यावर कर्तव्य आहे त्यांची ते पार पाडण्याची क्षमता वाढवावी, असा तिचा गाभा आहे. कागदावर हे सरळ वाटते. प्रत्यक्षात यातील शेवटच्या मुद्द्याने आमच्या अंदाजपत्रकातील बहुतेक रकान्यांचा आधारच काढून घेतला, कारण लाडवांमुळे ना आयांची मागण्याची ताकद वाढत होती, ना शासनाची देण्याची.

आमच्या विश्वस्तांची काळजी वेगळी होती. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थेने लोकांना अर्ज-निवेदने करायला शिकवले, तर तिच्यावर राजकीय काम केल्याचा ठपका येईल काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो अनाठायी नव्हता. परकीय योगदान नियमन कायद्याच्या नियमांत ‘राजकीय स्वरूपाच्या’ संस्थेची व्याख्या पुष्कळ सैल होती. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इन्साफ या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना त्या नियमाचा अर्थ संकुचित केला आणि पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या, सनदशीर मार्गाने लोकांचे प्रश्न मांडणाऱ्या संस्थांना केवळ त्या कारणावरून परदेशी निधी नाकारता येणार नाही असे स्पष्ट केले. तो निकाल विश्वस्तांसमोर ठेवल्यावर त्यांनी होकार दिला, मात्र संस्थेने स्वतः मोर्चा काढायचा नाही, निवेदनावर संस्थेचे नाव घालायचे नाही आणि सगळे काम ग्रामसभेच्या ठरावांतून व्हावे, अशी अट घातली. पुढे ही अट आमच्या फायद्याचीच ठरली.

पहिला टप्पा विश्लेषणाचा. कोणाचा कोणता हक्क, त्याबद्दल कोणाचे कोणते कर्तव्य, आणि दोघांच्याही बाजूने नेमके काय कमी पडते, हे लिहून काढायचे. अन्नाचा हक्क ज्या आंतरराष्ट्रीय करारात आहे त्यात भारत १९७९ पासून सहभागी आहे, परंतु त्याचा दाखला दिल्याने तालुक्याच्या कार्यालयात कोणी खुर्चीतून उठत नाही. आमच्या हाताशी त्याहून जवळचा कायदा होता. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमाने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळण्याचा हक्क दिला आहे, सहाव्या कलमाने कुपोषित मुले शोधून त्यांना आहार देण्याची जबाबदारी राज्य शासनावर टाकली आहे, आणि त्याच्या मूळ दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण बालकासाठी ५०० तर कुपोषित बालकासाठी ८०० उष्मांकांचे प्रमाण दिले आहे. ठरलेला आहार न मिळाल्यास भत्ता मागण्याची तरतूद आठव्या कलमात आहे, तर तक्रारीसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे. शिवाय आदिवासी क्षेत्रातील गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळ गरम चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना महाराष्ट्रात २०१५ पासून आहे. इतके सगळे कागदावर असताना आम्ही जीपभर लाडू घेऊन डोंगर चढत होतो.

पाड्यांवर गेल्यावर पहिली गाठ अंतराशी पडली. सातपुड्यातील गाव म्हणजे एका जागी बसलेली वस्ती नसते. दोन-तीन टेकड्यांवर विखुरलेले पाडे मिळून एक महसुली गाव होते आणि अंगणवाडी त्यांतील एखाद्याच पाड्यावर असते. आम्ही ज्या पाड्याचा विचार करीत होतो तेथून अंगणवाडीला जाताना नाला ओलांडावा लागे. पावसाळ्याचे चार महिने तीन वर्षांचे मूल तेथे पाठवण्याचे कोणी मनातही आणत नव्हते. एकात्मिक बालविकास योजनेच्या निकषांनुसार आदिवासी आणि डोंगराळ भागात १५० ते ३०० लोकवस्तीलाही मिनी अंगणवाडी मिळू शकत होती. त्यापेक्षाही भक्कम आधार सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाचा होता. २००१ मध्ये दाखल झालेल्या अन्न हक्काच्या याचिकेतील या आदेशानुसार, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यायला हवी.

तेव्हा मुले मोजणे आले. पूर्वी हे काम आमच्या कार्यकर्त्यांनी एका दुपारी उरकले असते. नव्या पद्धतीत ते पाड्यावरील बायांनी करायचे होते आणि त्याला बराच काळ लागला, पण माझ्या मते सबंध प्रकल्पातील सर्वांत मोलाचा काळ तोच होता. बरीच बाळंतपणे घरी झालेली, जन्माचे दाखले मोजक्याच घरांत, त्यामुळे वयाचा प्रश्न प्रत्येक ओट्यावर अडे. मूल होळीच्या आधीचे की नंतरचे, कोणत्या साली बापाने ऊसतोडीसाठी कोयता घेतला होता, त्या वेळी ते पोटात होते की पाठीवर, अशा खुणांवरून महिने ठरत. वादही होत. एका बाईने आपले मूल साडेपाच वर्षांचे सांगितले, तर शेजारणीने स्वतःच्या मुलीचा दाखला आणून तिच्यासमोर धरला आणि हा तिच्यापेक्षा मोठा आहे, सहा ओलांडून गेला, असे ठणकावले. खोटी संख्या घातली तर एक नाव खोटे निघाल्यावर सगळी यादी खोटी ठरेल, हे त्या दोघींना आमच्याआधी उमगले होते. यादीत चाळिसाहून अधिक नावे आली. अंगणवाडीच्या नोंदवहीत या पाड्याची त्यापेक्षा बरीच कमी मुले होती, कारण दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले नोंदवहीतून गळत आणि ती परतली तरी पुन्हा चढत नसत.

बैठकांत सुरुवातीला सगळा रोष अंगणवाडी सेविकेवर निघाला. ती रोज येत नाही, आली तरी या पाड्यावर फिरकत नाही, घरपोच आहाराची पाकिटे वेळेवर देत नाही. तिला सर्वांसमोर बोलवावे आणि जाब विचारावा असा काहींचा आग्रह होता. जबाबदारीची उतरंड कागदावर मांडताना मात्र वेगळेच चित्र दिसले. सेविका ही शासनाची सर्वांत खालची पायरी. तिला पगार नाही, मानधन आहे, आणि अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायलाही सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल लागला. पोषण ट्रॅकर अॅपवर माहिती भरायला मिळालेला मोबाइल इतका कमकुवत होता की राज्यभर सेविकांनी २०२१ मध्ये ते मोबाइल परत केले होते. आम्ही तिला जाब विचारायला बोलावले नाही, तर तिच्या घरी जाऊन बसलो. तिने साठ्याची वही काढून दाखवली. कोणत्या महिन्यात किती पाकिटे आली, किती आलीच नाहीत, पर्यवेक्षिकेला कधी कळवले, हे सारे त्या वहीत तारीखवार होते. तिची पावरी बोली आमच्या कार्यकर्त्यांपेक्षा सफाईदार होती आणि पाड्यावरच्या अर्ध्या घरांशी तिचे नाते होते. “माझं नाव घालू नका, पण वही बघा,” एवढेच ती म्हणाली. त्यानंतर अर्जाचा रोख आपोआप वर सरकला: साठा का येत नाही आणि पाड्यावर केंद्र का नाही, हे दोन्ही निर्णय तिच्या हातातले नव्हतेच.

अंदाजपत्रकावरून मात्र आमच्याच कार्यालयात खडाजंगी झाली. लाडवांची रक्कम कमी करून ती बायांच्या प्रशिक्षणावर, तालुक्याला जाण्या-येण्याच्या खर्चावर, बुडालेल्या मजुरीवर, झेरॉक्सवर आणि पावरी जाणणाऱ्या दुभाषीवर घालावी असा नवा आराखडा होता. क्षेत्रातील आमचा जुना सहकारी संतापून म्हणाला की, दंडघेराची पट्टी लाल दाखवत असताना मी पोराच्या आईला अर्जाचा नमुना देऊ काय. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे तीव्र कुपोषण. असे मूल आरोग्य केंद्रात आणि आजाराची गुंतागुंत असेल तर तेथून पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावेच लागते, तेही लगेच. त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. हक्कांच्या पद्धतीचे काही समर्थक सेवा देणे म्हणजे जणू पाप असल्यासारखे बोलतात, ते मला पटत नाही. उपाशी मुलाला आज अन्न मिळणे हाही हक्कच आहे. शेवटी लाल पट्टीतील मुलांसाठी आहाराची आणि गाडीची तरतूद ठेवली, मात्र प्रत्येक वेळी ती वापरताना हे काम शासनाच्या कोणत्या यंत्रणेने करायला हवे होते आणि तिने का केले नाही, याची लेखी नोंद त्याच दिवशी संबंधित कार्यालयाकडे पाठवायची, असे ठरवले. बाकीच्या मुलांचे लाडू टप्प्याटप्प्याने बंद झाले. ते बंद करण्याआधी ग्रामसभेत त्याची चर्चा झाली आणि ती गोड झाली नाही.

ठराव झाला, यादी जोडली गेली आणि पाड्यावरच्या बाया निवेदन घेऊन तालुक्याला गेल्या. कार्यालयातील बाबूने कागद घेतला, चाळला आणि “ठेवा, साहेबांना दाखवतो,” असे सांगितले. प्रशिक्षणात पोहोचेचा विषय झाला होता. त्यामुळे त्यांच्यातील एक बाई जागची हलली नाही. दुसरी प्रत पुढे करून, यावर शिक्का मारा आणि आवक क्रमांक घाला, मग जातो, असे तिने सांगितले. आवक नोंदवहीचा कारकून जेवायला गेला आहे असे उत्तर आले. त्या सगळ्या व्हरांड्यात बसून राहिल्या. कारकून परत आला, शिक्का बसला, क्रमांक पडला, आणि न्यायालयाच्या आदेशातील तीन महिने कोणत्या तारखेपासून मोजायचे याला पहिल्यांदाच एक कागद मिळाला.

तीन महिन्यांत अंगणवाडी आली नाही. स्मरणपत्र गेले, माहिती अधिकारात प्रस्तावाची सद्यस्थिती विचारली गेली, आणि मग जनसुनवाईचे, म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांसमोर येऊन तक्रारींना उत्तरे देण्याच्या सभेचे, ठरले. महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता, त्यामुळे जनसुनवाई हा प्रकार या भागाला नवा नव्हता. अधिकारी आले. त्यांचीही बाजू होती: मंजूर पदे रिकामी, पर्यवेक्षिकेकडे दोन विभागांचा कारभार, वाहनाला इंधनाची तरतूद नाही. हे सगळे त्यांनी लोकांसमोर प्रथमच बोलून दाखवले आणि ते इतिवृत्तात आले. नव्या केंद्राचा प्रस्ताव शिफारशीसह जिल्ह्याला जाईल, आणि तोवर सेविका आठवड्यातून ठरलेल्या दिवशी याच पाड्यावर बसून वजने घेईल व आहार वाटेल, असे ठरले. दुसरी गोष्ट लगेच सुरू झाली. पहिली अजून जिल्हा आणि आयुक्तालय यांच्यामध्ये आहे.

देणगीदाराला अहवाल पाठवताना निराळीच पंचाईत झाली. पूर्वीच्या तक्त्यात लाडू होते. आता अर्ज, पोहोच, उत्तरे, प्रलंबित प्रकरणे आणि सुटलेली प्रकरणे होती. मानवी हक्कांचे मोजमाप करताना रचना, प्रक्रिया आणि परिणाम असे तीन प्रकारचे निर्देशक वापरायचे असतात: कायदा आणि तरतूद आहे काय, यंत्रणा हलते काय, आणि मुलांच्या प्रकृतीत फरक पडला काय. पहिल्या वर्षी तक्रारींची संख्या एकदम वाढली. परदेशातील त्यांच्या लेखा अधिकाऱ्याने हा आकडा वाढणे वाईट ना, असे विचारले. पूर्वी तक्रारच होत नव्हती म्हणून तो शून्य होता, हे त्याला समजावताना एक अख्खी ऑनलाइन बैठक गेली. परिणामाच्या रकान्यात आम्ही सावध भाषा वापरली. स्थलांतर, पाऊस आणि भाव यांच्या गदारोळात मुलांच्या वजनातील फरकाचे श्रेय एका प्रकल्पाला देणे मला अप्रामाणिक वाटते.

खरी परीक्षा नंतर झाली. उत्तरदायित्वाची कसोटी शासनाला लावायची आणि आपण बाजूला उभे राहायचे, हे फार दिवस चालणार नव्हते. ग्रामसभेत आमचे अंदाजपत्रक पावरीतून वाचून दाखवायचे ठरले आणि पहिल्याच वाचनात जीपच्या भाड्यावर बोट ठेवले गेले. एवढे भाडे आम्हाला दिले असते तर पाड्यावरच्या मोटारसायकलवाल्या पोराने हेच काम केले असते, असे एकीने सुनावले, आणि काही फेऱ्या आम्ही तशाच केल्या. पैसे थेट बायांच्या मंडळाकडेच का देत नाही, या प्रश्नाला मात्र आमच्याकडे कायद्याचेच उत्तर होते. परकीय योगदान नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. लोकांच्या हाती निर्णय असावा असे मानणाऱ्या पद्धतीला या कायद्याने चांगलीच खीळ घातली आहे, असे माझे मत आहे. खर्च आमच्याच खात्यातून होतो, पण कशावर करायचा याचा ठराव आता आधी मंडळात होतो. छायाचित्रांचाही प्रश्न आला. देणगीदारांच्या वार्षिक पुस्तिकेसाठी कुपोषित मुलांची छायाचित्रे मागितली होती. बायांनी नकार दिला. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेल्या अर्जाचे छायाचित्र त्यांनी सुचवले. ते छापले गेले नाही.

देणगीदार संस्थेच्या प्रतिनिधी प्रकल्प पाहायला आल्या तेव्हा पाड्यावरच्या बैठकीत त्यांना थेट विचारण्यात आले, की तुमचे पैसे पुढच्या मार्चला थांबणार हे कोणी ठरवले. दुभाषीने प्रश्न सांगितल्यावर त्या क्षणभर थबकल्या आणि त्यांनी खरे तेच सांगितले: मुख्यालयातील समितीने, तीन वर्षांच्या चक्रानुसार. त्या समितीत आमच्याकडचे कोणी होते काय, हा दुसरा प्रश्न. तक्रार करायची तर कुठे करायची, हा तिसरा. शासनाकडे निदान अन्न आयोग आहे, तुमच्याकडे काय आहे, असे विचारणारी बाई आक्रमक नव्हती. प्रशिक्षणात शिकवलेली, कोणाचा हक्क आणि कोणाचे कर्तव्य या तक्त्याची चौकट ती नुसती पुढच्या ओळीत भरत होती. परदेशी मदतीच्या क्षेत्रात हक्कांविषयी इतके लिहिले-बोलले जाते, पण मदत घेणाऱ्याला मदत देणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याची जागा अपवादानेच असते, आणि मार्चअखेरीची तारीख ज्यांच्या मुलांवर परिणाम करते त्यांना ती सर्वांत शेवटी कळते.

त्या परत गेल्यावर वर्षभराची मुदतवाढ आली. नव्या करारात, निधी थांबवायचा असल्यास किमान एक वर्ष आधी ग्रामसभेला लेखी कारणासह कळवले जाईल, असे एक कलम घालावे म्हणून आम्ही मसुदा पाठवला. त्यांच्या कायदा विभागाने तो स्वीकारताना ‘शक्य असेल तेथे’ हे शब्द घातले. ग्रामसभेने ते शब्द काढावेत असा ठराव केला आणि असेच शब्द एखाद्या शासन निर्णयात असते तर तुम्ही आम्हाला काय सांगितले असते, असे आम्हालाच विचारले. ठरावाचा अनुवाद आम्ही देणगीदार संस्थेकडे पाठवला आहे. तेथील कायदा विभागाचे उत्तर अद्याप आलेले नाही.